माळावरचं खोटं शहर

२ नोव्हेंबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच फळीवर टाकलं असशील आणि भाऊजींनी "अगं, वाच तरी, काय म्हणतोय बघू" म्हणत ते पुन्हा तुझ्या हातात दिलं असेल. तेव्हा पहिले आभार त्यांचे. चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तूही लिहिली नाहीस, पण तुला तो हक्क होता, मला नव्हता.

आधी त्या नाटकाचं बोलून टाकतो. त्यातली ती बाई लेखकाने लिहिली, नटीने रंगवली, मी आपला भिंती आणि जिने रंगवणारा नेपथ्यकार, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटलो होतो. खरं असं की तालमीच्या मधल्या चहाला मीच तुझी नक्कल करून दाखवली होती. डब्यांची झाकणं मोजणारी, आल्यागेल्याच्या चपलांना नावं ठेवणारी, कमरेवर हात ठेवून "मी आहे म्हणून हे घर उभं आहे" असं भिंतींना ऐकवणारी. सगळे पोट धरून हसले आणि मला चेव चढला. नटीने ती जशीच्या तशी उचलली. पहिल्या प्रयोगाचे पास मीच तुम्हाला पाठवले होते. तू हसशील असं मला वाटलं होतं, असं लिहिणार होतो, पण तेही खोटं आहे. मला काहीच वाटलं नव्हतं. मी आत उभा राहून माझ्या जिन्यावर प्रकाश नीट पडतोय का ते बघत होतो. आईमागे जिने मला न्हाऊमाखू घातलं, ती तिसऱ्या रांगेत बसून आपलंच वाक्य ऐकत होती आणि शेजारचे टाळ्या पिटत होते. तू मध्यंतरात उठून गेलीस. भाऊजी मात्र आत आले, माझा हात हातात घेऊन "जिना झकास रंगवलास रे" म्हणाले आणि तुझ्यामागे धावले.

असो. माफी मागायची तर मला नीट मागताही येत नाही.

आता कामाचं. थिएटर लढाईपायी बंद आहे. मी सरकारी रंगकामावर आहे. कसलं ते विचारू नकोस, लिहिलं तर मधल्या मध्ये तपासणारे काळी शाई फासतील. मुद्दा एवढाच की तुम्ही दोघांनी हिवाळा आमच्याकडे काढावा. भट्ट्यांना जाळ करायला बंदी आहे, म्हणजे भाऊजींना विटांचं काम नाहीच. मागची खोली रिकामी आहे. चिमणी आता शाळेत जाते, आणि "मला आत्या आहे तर ती दिसत का नाही" असं विचारून मला भंडावून सोडते. वस्तीवरचे बाकीचे लोकही गेलेच असतील ना कुठे कुठे? तेवढं कळव. लगेच निघालात तर उत्तम.

तुझा,
बारक्या

४ नोव्हेंबर
(हे टाकायचं नाही)

ताई,

परवाचं पत्र वाचून तुला वाटेल, याला अचानक बहिणीचा पुळका कुठून आला. कुठून आला ते इथे लिहितो. हे पत्र पेटीतच राहील, कारण या कामाबद्दल घरी बायकोलाही बोलायचं नाही असं सहीनिशी कबूल केलंय.

मी एक खोटं शहर बांधलंय.

तुला माहीत आहे, संध्याकाळ झाली की खरं शहर स्वतःला झाकून घेतं. एक खिडकी उघडी दिसायला नको. तरी विमानं नदीचं वळण बघत येतात आणि रेल्वेचं यार्ड नेमकं शोधतात. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की त्यांना दुसरं शहर द्यावं. त्यासाठी त्यांना इंजिनियर नको होता, नाटकवाला हवा होता. लांब बसलेल्या माणसाला नसलेलं घर दाखवणं हाच माझा धंदा. इथे प्रेक्षक फक्त जरा उंचावर बसलेत.

गंमत अशी की खोट्या शहराला झगमगून चालत नाही. कोणीच फसणार नाही. त्याने दिवे मालवल्याचं सोंग करायचं आणि सोंगात थोडा निष्काळजीपणा ठेवायचा. दाराखालून सांडलेली उजेडाची रेघ. नीट न ओढलेला पडदा. यार्डातला एखादा लाल-हिरवा दिवा झाकायचा राहून गेलेला. मी खोक्यांत दिवे बसवून वर फटी ठेवलेली झाकणं केली, वायरमनने सगळ्यांच्या तारा एका खंदकात आणून सोडल्या. पत्र्याखाली निखारे ठेवून कारखान्याच्या भट्टीचं तोंड केलं. आणि लांबच लांब लोखंडी पन्हळी मांडल्या आहेत. विमानं डोक्यावर आली की एक कळ ओढायची, पन्हळींत तेल सुटतं आणि पेट घेतं. वरच्याला वाटतं, पहिल्याचा बॉम्ब बरोबर पडला, शहर जळतंय. मग मागचे सगळे तिथेच माल ओततात.

जागा शोधायला आठवडे गेले. नदीला तसंच वळण हवं, जमीन सपाट हवी, आजूबाजूला माणूस नको. मला एकच जागा माहीत होती. आपला पाणथळ माळ, ताई. तुझ्या दारासमोरचा.

ऑक्टोबरात साहेबांना घेऊन टेकडीवर गेलो. साहेब म्हणजे या कामावरचे लष्करी अधिकारी, मितभाषी माणूस. त्यांच्या नकाशावर वीटभट्टीची आठ-दहा घरं नाहीत, ती नकाशानंतर उभी राहिली. त्यांनी विचारलं, "वस्ती?" मी म्हणालो, "नाही."

मला वाटलं होतं भट्ट्या बंद म्हणजे माणसं गेली. खरंच वाटलं होतं. पण परवा वायरमन गाडीच्या थांब्यावरून चालत आला आणि हसत म्हणाला, "पलीकडे एक बाई आहे, आपल्या दिव्यांना शिव्या घालते. काय तोंड आहे हो!" मी विचारलं, "कमरेवर हात ठेवते?" तो म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"

त्या संध्याकाळी घरी येऊन तुला पत्र लिहिलं.

१९ नोव्हेंबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि पहिलं काय वाटलं असेल तर कान पकडल्यासारखं वाटलं. "सगळं जग शहर सोडून बाहेर पळतंय आणि तू आम्हाला आत बोलावतोस, डोकं ठिकाणावर आहे का?" बरोबर आहे, तुझ्या जागी मीही हेच म्हटलं असतं. पण आमच्या इमारतीला पक्कं तळघर आहे, आणि हल्ली इकडे विमानं कमी येतात. येणं हळूहळू बंदच होईल असं जाणकार म्हणतात.

"उलट पोरीलाच इकडे पाठव, इथे काळं कुत्रं फिरकत नाही, विमान कशाला येईल." हे कार्ड आमच्या हिने वाचलं. वाचून म्हणाली, ताई बरोबर सांगतात, रविवारी मी स्वतः चिमणीला सोडून येते. कपड्यांची पिशवीसुद्धा काढली. मी ओरडलो. इतका ओरडलो की शेजारीण दार उघडून बघायला आली. आता ही माझ्याशी बोलत नाही. तिला वाटतं मी तुझ्यावर डूख धरून आहे, आणि तुला वाटेल भट्टीवरची धूळ पोरीला लागेल म्हणून मी नाक मुरडतोय. तसं काहीही नाही. पोरीला पाठवत नाही, त्याचं कारण असं की तिची शाळा बुडेल.

माळावरच्या दिव्यांची तक्रार करू नकोस. तुझ्या पाया पडतो. सरकारी काहीतरी असेल, आपल्याला काय करायचंय. आणि दिवे इतके खुपत असतील तर तो शेजार सोडून इकडे ये ना!

"भेटायचंच असेल तर रस्ता तुला ठाऊक आहे." ठाऊक आहे. पण मला कामावरून हलता येत नाही. बोलावणं पत्राने केलं म्हणून ते खोटं ठरत नाही. तू भाऊजींना विचार, ते माझी बाजू घेतील.

बारक्या

२१ नोव्हेंबर
(टाकायचं नाही)

हलता येत नाही म्हणे! दर दोन दिवसांनी मी तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर असतो. खंदकात बसलो की वाऱ्यावर तुमच्या वस्तीवरच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतं. उठून चालत आलो तर चहा गरम असतानाच पोचेन.

आज साहेबांकडे गेलो होतो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो, जिन्यावर वाक्यं पाठ केली. आत गेल्यावर म्हणालो, "साहेब, त्या वीटभट्टीकडे कदाचित कोणी राहत असेल."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कदाचित, की राहतात?"

मी टेबलावरच्या नकाशाकडे बघत राहिलो.

"तुम्ही वस्ती नाही म्हणालात, त्या शब्दावर मी जागा पक्की केली," ते म्हणाले. "लोक असतील तर आज दुपारी ट्रक पाठवतो, संध्याकाळपर्यंत वस्ती रिकामी. त्याला काही लागत नाही. पण चुकीची माहिती कोणी दिली ते मला वर कळवावं लागेल. मग तुम्ही इथे राहणार नाही. आघाडीवर जाल, आणि चौकशी होईल ती वेगळी."

धमकी नव्हती ती. पावसात भिजाल, छत्री घ्या, असं सांगावं तसं सांगितलं. आणि ट्रक पाठवायला तयार होते, ताई! एक "हो" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "खात्री नाही, साहेब. चौकशी करून सांगतो."

"करा," ते म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, मी पुन्हा सांगितलं नाही. जिना उतरताना माझे पाय इतके हलके पडत होते की मला स्वतःची किळस आली. पण हलके पडत होते, हे खरं आहे.

आणखी एक लिहून ठेवतो. मागच्या न टाकलेल्या पत्रात मी म्हटलंय की वस्ती रिकामी झाली असं मला खरंच वाटलं होतं. त्या दिवशी टेकडीवरून मला एका घराच्या धुराड्यातून धूर येताना दिसला होता. एकच घर, बारीकसा धूर. धूर म्हणजे काय माणूसच असतो का, अशी मी मनाची समजूत घातली. रिकाम्या घरात धूर कोण करतं, हे विचारणारं तेव्हा जवळ कोणी नव्हतं.

तू स्वतःहून निघालीस तर सगळंच सुटेल. कोणाला काही सांगायला नको. म्हणून मी पत्रांवर पत्रं पाठवतोय. तुला वाचवायचंय आणि मलाही वाचायचंय, दोन्ही एकाच तिकिटात.

५ डिसेंबर

ताई,

घाईत लिहितो. चिमणीला फार ताप आहे, छाती भरली आहे. डॉक्टर येऊन गेले. ग्लानीत सारखी आत्याचं नाव घेते. मागचं सगळं बाजूला ठेव, मला हवं तेवढं बोल, पण पत्र मिळताच निघून ये. भाऊजींनाही आण. तिला एकटं सोडून मला तुम्हाला घ्यायला येता येत नाही.

बारक्या

९ डिसेंबर
(टाकायचं नाही)

चिमणीला ताप नाही. नव्हता. ती आता मागच्या खोलीत दोरीवरच्या उड्या मारते आहे आणि तिची आई तिला गप्प बस म्हणून सांगते आहे.

काल संध्याकाळी मी आणि वायरमन खंदकात होतो. नुकतंच अंधारून आलं होतं. आम्ही फटीतून आमचं शहर बघत होतो. मी रोज बघतो. मला ते आवडतं, ताई, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. मोकळ्या माळावर दाराखालच्या उजेडाच्या रेघा, मागे लालसर भट्टी. मी आजवर केलेल्या कामांत इतकं चांगलं काम दुसरं नाही.

एकच उणीव होती. नाटकात मागच्या बाजूने कोणी दिवा घेऊन गेलं की गाव जिवंत वाटतं. तारेवरून सरकणारा एखादा कंदील करून दे म्हणून मी आठवडाभर वायरमनच्या मागे लागलो होतो. काल तो कंदील मला दिसला. खोट्या यार्डाच्या कडेने, जमिनीलगत, अर्धा झाकलेला मिणमिणता दिवा.

"वा! जमला की रे," मी म्हणालो. "चालही किती खरी घेतलीस. मध्येच थांबतो काय, पुन्हा निघतो काय!"

वायरमन म्हणाला, "कुठला कंदील? माझा तर अजून बांधूनही झालेला नाही."

तेवढ्यात टेलिफोन वाजला. विमानं निघाली आहेत, तयार राहा. मग आवाज ऐकू यायला लागला, आणि पुन्हा टेलिफोन. पेटवा.

वायरमन दाराकडे धावला. "माणूस आहे तिथे!" म्हणून ओरडला. मी त्याचा दंड धरून त्याला आत ओढलं. म्हणालो, "पहारेकरी असेल, आडोशाला जाईल." आमच्याकडे त्या बाजूला पहारेकरी नसतो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. विमानं तशीच पुढे गेली असती तर यार्डावर गेली असती, आणि यार्डाच्या पाठीमागे आमची इमारत आहे. हा विचार मी तेव्हा केला की नंतर केला, आता सांगता येत नाही. एका हाताने मी त्याला धरलं होतं, दुसऱ्या हाताने कळ ओढली.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. माळ पेटला आणि त्यांनी सगळा माल आमच्यावर ओतला. शहरात एक काचही फुटली नाही.

सकाळी बाकीचे खड्डे मोजत होते आणि मी कंदील शोधत होतो. भाऊजी पन्हळींच्या पलीकडे सापडले. चेहरा ओळखता येत होता, एवढंच तुला सांगतो. गाडीच्या थांब्याकडे जाणारी वस्तीवरची पायवाट तिथूनच जाते. मीच ती नकाशावर दाखवली नव्हती. खांद्याला पिशवी होती. पिशवीत मधाची बाटली आणि लोकरीची टोपी. तू विणलेली असणार. टोपी तीन वर्षांच्या पोरीच्या मापाची होती. तू तिला बघितलंस तेव्हा ती तेवढीच होती ना.

साहेब आले. मी म्हणालो, "हे माझ्या बहिणीचे यजमान." त्यांनी आपल्या डोक्यावरची टोपी काढली. "इकडे कुठे निघाले होते?"

"माझ्या मुलीला बघायला. ती आजारी आहे म्हणून."

"आजारी आहे?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग वस्तीच्या दिशेने बघितलं. तिथे तुमच्या घराची एक भिंत पडलेली सकाळच्या उजेडात स्वच्छ दिसत होती, आणि माणसं इकडून तिकडे धावत होती.  जाताना ते वायरमनला म्हणाले, "भरकटलेला बॉम्ब होता, असंच सांगायचं." वायरमन माझ्याशी तेव्हापासून बोललेला नाही.

२२ जानेवारी

ताई,

हे पत्र टपालात टाकायचं नाही, कारण तू भिंतीपलीकडे आहेस. चिमणीच्या वेण्या घालताना तिला तिच्या चपलांवरून बोलणी ऐकवते आहेस ते इथे ऐकू येतंय. न टाकलेली आधीची पत्रं या पत्राच्या खाली ठेवली आहेत. टाकलेली तुझ्याकडेच आहेत, तू ती पिशवीत घालून घरातून बरोबर आणलीस हे मला माहीत आहे. सगळी तारखेप्रमाणे लाव आणि वाच. हे शेवटी वाच.

तू आलीस त्या दिवशी दारातच हिला विचारलंस, "ताप उतरला का गं पोरीचा?" आणि ही म्हणाली, "कसला ताप?" मला वाटलं, आता संपलं. आता तू माझ्या तोंडावर पिशवी फेकशील. तू माझ्याकडे बघितलंस, आणि तुझा चेहरा राग यायच्या ऐवजी विरघळला. दुसऱ्या दिवशी तू शेजारणीला सांगताना मी ऐकलं. "बहिणीला बघायचं होतं हो त्याला. सरळ सांगायची लाज वाटली म्हणून पोरीचा ताप काढला. लहानपणापासून असाच आहे, भूक लागली तरी पोट दुखतंय म्हणायचा."

गेला महिनाभर तू हे सगळ्यांना सांगते आहेस. दूधवाल्याला, तळघरातल्या म्हाताऱ्यांना, चिमणीच्या बाईंना. माझा भाऊ मला पत्रांवर पत्रं पाठवत होता, मीच हट्टी. भाऊजी गेले ते आपल्या दोघांची गाठ घालून द्यायला निघालेले असताना गेले, म्हणून त्यांचं जाणं वाया गेलं नाही, असं तू म्हणतेस. त्याच आधारावर तू उठतेस, जेवतेस, झाकणं मोजतेस. मी माझ्याच घरात तोंड चुकवत फिरतो आणि तू हिला म्हणतेस, "मनाला फार लावून घेतलंय त्याने, जरा जप त्याला."

परवा साहेबांनी दुसरा नकाशा पुढे ठेवला. खोटं शहर उपयोगी पडलं, आता आणखी एक हवं. त्यांनी एका जागेवर बोट ठेवून विचारलं, "वस्ती?" मी म्हणालो, "आधी जाऊन प्रत्येक दार वाजवून येतो, साहेब, मग सांगतो. आणि पहिल्या जागेबद्दल जे मी खोटं बोललो ते तुम्ही लिहून घ्या." त्यांनी लिहून घेतलं. तेव्हा माझं काय होणार ते ठरलेलं आहे, आणि मला घ्यायला लवकरच कोणीतरी येईल. त्याचं मला फार काही वाटत नाही. हे तू माझ्या खात्यावर चांगलं म्हणून मांडू नकोस, फार उशिरा केलं.

आज सकाळी मात्र तू जे बोललीस, त्यानंतर गप्प राहणं मला जमेना. तू बटाटे सोलत होतीस. मी पाणी प्यायला आत आलो. तू वर न बघता म्हणालीस:

"बारक्या, एक विचारू? ऑक्टोबरात टेकडीवर एक गाडी येऊन थांबली होती. तिच्यातून उतरलेला तूच ना?"

माझ्या हातातला पेला तसाच राहिला.

"मी लांबून ओळखलं. एका पायावर भार टाकून उभं राहायची तुझी खोड. मी विहिरीवरून येत होते. बादली खाली ठेवली, डोळ्यांवर हात धरला आणि बघत राहिले. म्हटलं, येईल आता खाली. आला नाहीस. घरात येऊन ह्यांना म्हटलं, बारक्या आला होता हो, पाय उचलले नाहीत त्याचे. हे म्हणाले, एवढ्या लांब आला म्हणजे पुन्हा येईल, तू बघ. म्हणून तर मी हलले नाही रे. तुझी पत्रं आली तरी नाही हलले. म्हटलं आपण निघून गेलो आणि हा पुन्हा आला, दाराला कुलूप दिसलं, तर हा कायमचा माघारी जाईल. तुझ्या शेवटच्या पत्रावर निघालेच होते, पण पाय मुरगळलेला. हे म्हणाले, तू बस, मी पुढे जातो आणि त्यालाच घेऊन येतो."

एवढं बोलून तू हसलीस, ताई. डोळे पुसलेस आणि पुढचा बटाटा घेतलास.

मी तुला बघितलं होतं. धूर नाही, तुला. तू बादली खाली ठेवलीस ते बघितलं, डोळ्यांवर हात धरलास ते बघितलं. साहेब पाठमोरे होते, गाडीच्या पुढच्या पत्र्यावर नकाशा पसरत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "वस्ती?" आणि मी तुझ्याकडे बघत "नाही" म्हणालो. भट्ट्या बंद होत्या, माणसं गेली असतील, हे सगळं मी नंतर रचलं. तेव्हा मनात एवढंच होतं की "आहे" म्हटलं तर साहेबांना घेऊन खाली उतरावं लागेल, तुझ्या दारात उभं राहावं लागेल, आणि तू कमरेवर हात ठेवून मला विचारशील, आलास का? आणि शिवाय ती जागा फार सुरेख होती.

तू जी गोष्ट सांगतेस, तीत एक भाऊ टेकडीपर्यंत येतो आणि त्याचे पाय उचलत नाहीत. तो भाऊ मला फार आवडायला लागलाय. महिनाभर मी त्याच्या नावावर तुझ्या हातचं जेवतोय. पण भाऊजी त्याच्यासाठी निघाले आणि तू त्याच्यासाठी त्या घरात थांबलीस, आणि तो नव्हताच.

ताई, मी त्या दिवशी तुला भेटायला आलो नव्हतो. जागा बघायला आलो होतो.